वाळूत हरवलेला हत्ती

सांगलीच्या हौशी रंगभूमीवर मी आजवर जेवढ्या भूमिका केल्या, त्यांतल्या बहुतेक इन्स्पेक्टरच्या. श्रेय अभिनयाचं नाही, मिशीचं. तिसऱ्या अंकात शिरायचं, सगळ्यांकडे एकेक करून बघायचं आणि म्हणायचं, "या घरातून कोणीही बाहेर जाणार नाही." पडदा. एरवी माझं चष्म्याचं दुकान आहे. पण एक वाक्य वर्षानुवर्षं म्हटलं की ते अंगात मुरतं. म्हणून या मे महिन्यात अमेरिकेत माझी थोरली बहीण शैलाताई हळूच म्हणाली, "दिन्या, एक चोरी झालीय, आणि पोलिसांत सांगण्यासारखी नाही," तेव्हा मला झालेला आनंद मी मिशीखाली कसाबसा लपवला.

ट्रॉय

ताई आणि दाजी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटला लागून असलेल्या ट्रॉयमध्ये राहतात. मोटारींच्या भागांची ड्रॉइंग्ज करण्यात दाजींची हयात गेली. त्यांनी हाताने मारलेली रेघ पट्टीने तपासली तर पट्टीचीच चूक निघायची. आता त्या हाताला कंप आहे. ते चहाचा कप अर्धाच भरून घेतात, आणि कोणी चुकून पूर्ण भरला तर त्याच्याकडे असं बघतात की पुढच्या वेळी तो माणूस आपोआप अर्ध्यावर थांबतो.

दाजींना निवृत्तीनंतर एक नाद लागला होता. त्याला लेटरबॉक्सिंग म्हणतात. कोणीतरी जंगलात एक छोटा डबा लपवून ठेवतो. आत हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक वही. डब्याकडे कसं जायचं याचं कोडं वेबसाइटवर टाकतो. तुम्ही कोडं सोडवत जंगलात जायचं, डबा शोधायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का त्यांच्या वहीत उमटवायचा, आणि डबा होता तिथे तसाच ठेवून यायचं. कोणाच्याही नजरेला न पडता. मी विचारलं, मग मिळतं काय? ताई म्हणाली, शिक्का. मी पुन्हा विचारलं, पण मिळतं काय? आपल्याकडे शिक्क्यासाठी माणसं कचेरीत हेलपाटे घालतात, साहेब जेवायला गेलेले असतात. इथे लोक त्याच शिक्क्यासाठी हौसेने डास चावून घेतात आणि साहेबाच्या जागी झाड असतं. मला हा सगळा प्रकार पहिल्यापासून संशयास्पद वाटला.

गेल्या उन्हाळ्यात, हात पुरता बिघडायच्या आधी, दाजींनी एक हत्ती कोरला. गुलाबी रबराच्या वडीवर, सोंड वर केलेला, कानाच्या शिरासुद्धा दिसणारा. त्यानंतर त्यांनी कोरायची सुरी हातात घेतली नाही. मिशिगन सरोवराच्या काठी, वाळूच्या टेकड्यांवरच्या रानात ताईने तो हत्ती लपवला. हिवाळाभर तो बर्फाखाली सुखरूप होता. बर्फ वितळलं, आणि वेबसाइटवर निरोप आला, डबा सापडला नाही. मग दुसऱ्याचा निरोप, सापडला नाही. ताई एकटी जाऊन बघून आली. जागा रिकामी.

दाजींना तिने सांगितलंच नाही. कंपामुळे ते कॉम्प्युटर वापरत नाहीत, निरोप ताईच वाचून दाखवते. दर रविवारी ते विचारतात, "या आठवड्यात कोणी आलं होतं का?" आणि ताई म्हणते, आलं होतं. कोणाचा शिक्का होता? मग ताई एक शिक्का रचून सांगते.

"अगं, मग नवीन करून ठेवू दुसरा हत्ती," मी म्हणालो.

"कोण कोरणार? तू?" ताई म्हणाली. "त्यांचा शेवटचा आहे तो, दिन्या."

यावर मी काही बोललो नाही. माझ्या बाबतीत ही घटना नोंद घेण्यासारखी आहे.

आम्ही ठरवलं की मला सरोवर दाखवायच्या निमित्ताने दोघांनी जायचं. दाजींसोबत भाची तन्वी राहील. तन्वी इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, "मामा, डोन्ट गेट अरेस्टेड, ओके?" दाजी मात्र खूश झाले. म्हणाले, जाताय तर डबा बघून या, वही भरली असेल तर घरी आणा, आणि हत्तीचा एक ठसा माझ्यासाठी काढून आणा. ताईचा चेहरा पाट्यावरच्या पुरणासारखा झाला. मग दाजींनी मला विचारलं, तुमचा स्वतःचा शिक्का आहे का? नाही म्हटल्यावर फ्रिजकडे बोट केलं.

"दिनकरराव, भेंडी घेऊन जा. शाळेत केलं नव्हतं का?"

अशा रीतीने मी शर्टाच्या खिशात एक भेंडी घेऊन तपासाला निघालो.

रस्त्याने

मिशिगन राज्य आडवं कापत जायचं होतं. रस्ता सरळ, ताईचं ड्रायव्हिंग त्याहून सरळ. सांगण्यासारखी एकच गोष्ट. शेतांच्या कडेला एक लाकडी टेबल होतं, त्यावर ॲस्परॅगसच्या जुड्या, शेजारी पैसे टाकायला एक पत्र्याची पेटी, आणि माणूस? नाही. मी गाडी थांबवायला लावली आणि आजूबाजूच्या झाडांत कोणी दबा धरून बसलंय का ते बघितलं. कोणी नव्हतं. म्हणजे ज्या राज्यात पैशांची पेटी उघड्यावर सुरक्षित राहते, त्या राज्यात रबराचा हत्ती चोरीला जातो. माझ्या व्यवसायात, म्हणजे मिशीच्या व्यवसायात, याला सूचक विसंगती म्हणतात.

सरोवर

समुद्र बघितलेल्या माणसाला हे सरोवर फसवतं. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, सीगल पक्षीही ओरडतात. पण वास नाही. मी वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, तर चक्क गोड, आणि दात वाजतील इतकं गार. एवढं मोठं पाणी, आणि त्यात मिठाचा कणही नाही. अशा पाण्यावर माझा विश्वास बसत नाही.

काठावरून टेकड्या सुरू होतात. सगळी वाळूच. पुढे नुसतं गवत, मागे गेलं की त्याच वाळूत ओक, मेपल आणि बीचची झाडं. पायाखाली वाळवंट आणि डोक्यावर दाट सावली. दोन पावलं वर चढलं की एक पाऊल खाली घसरायचं. जमिनीवर तीन पाकळ्यांची पांढरी फुलं पसरली होती. ताई म्हणाली, ट्रिलियम, तोडायची नाहीत. मी म्हणालो, देवाला? ती म्हणाली, देवालाही नाही.

वाटेत येणारा प्रत्येक माणूस हसून "हाय" म्हणत होता. ओळख ना पाळख. आमच्याकडे अनोळखी माणूस हसला तर तो वर्गणी मागायला आलेला असतो. मी प्रत्येकाचं तोंड लक्षात ठेवलं.

दाजींनी लिहिलेलं कोडं ताईला पाठ होतं. वाट फुटते तिथे सरोवर डाव्या कानाला ठेवायचं. तीन खोडांचं बीच लागलं की पाण्याकडे पाठ करायची. समोर एक पडलेला ओंडका, त्याच्या पोटाखाली हत्ती झोपतो. ओंडका होता. पोटही होतं. हत्ती नव्हता.

मी गुडघ्यावर बसून पाहणी केली. वाळू विसकटलेली, पण पावलांचे ठसे म्हणावेत तर पानांचा थर. चोराने डबा, शिक्का, वही, सगळंच नेलं होतं. म्हणजे शिक्क्याचा शौकीन. शोधून काढायची अक्कल असलेला. म्हणजे याच छंदातला माणूस. मी हे निष्कर्ष मोठ्याने मांडत असताना वाटेवरून एक गृहस्थ आले. उंच, म्हातारे, डोक्यावर लाल टोपी, हातात मोठी काळी पिशवी, सोबत तोंडावर पांढरे केस आलेलं एक कुत्रं. आम्ही झटकन उभे राहिलो आणि झाडाचं कौतुक करायला लागलो. लेटरबॉक्सिंगचा नियमच आहे, परक्यासमोर जागा दाखवायची नाही. ते "हाय" म्हणाले. पिशवीत काहीतरी भरलेलं होतं.

"पिशवी बघितलीस?" मी म्हणालो.

"दिन्या, माणूस फिरायला आलाय."

"पिशवी घेऊन?"

ताईने वळून त्यांच्याकडे बघितलं मात्र. संशय आमच्या घराण्यातच आहे. माझा तेवढा रंगमंचावर गेला.

सापळा

रात्री जवळच्या मोटेलात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सापळा रचला. ताईने सोबत डबा आणला होताच, पहिल्याचा जुळा भाऊ. प्रत्येक मराठी घरात असतो तो, श्रीखंडाचा डबा. श्रीखंड एका दुपारी संपतं, पण डबा सात जन्म टिकतो. कोणत्याही वेशात पुन्हा येतो. मेतकूट, साबुदाणा, सुया-दोरे. ताईने या दोन डब्यांत वर्षानुवर्षं सांगलीहून आलेली शेंगदाण्याची चटणी ठेवली होती. झाकण घट्ट, पाणी शिरत नाही, म्हणून हत्तीसाठी यातलाच एक निवडला. जुळा डबा तिने तेव्हाच धुऊन ठेवला होता. मी त्यात एक कोरी वही आणि माझी अर्धी भेंडी ठेवली. उरलेली अर्धी पुरावा म्हणून खिशात.

डबा ओंडक्याखाली सरकवून आम्ही थोड्या उंचावर एका झुडपामागे बसलो. मी ताईची दुर्बीण घेऊन पालथा पडलो. वाळू इतकी मऊ की झोप येईल. डास इतके की येऊ शकत नाही. माणसं येत होती, जात होती. एक जोडपं ओंडक्यावर बसून सफरचंद खाऊन गेलं. मी त्यांच्या हातांवर नजर ठेवली. मग आली लाल टोपी, तेच कुत्रं, तीच काळी पिशवी. टोपीवाले ओंडक्याजवळ थांबले. वाकले. जमिनीतून काहीतरी ओढलं आणि पिशवीत टाकलं.

एवढ्यात माझ्या पाठीमागे कोणीतरी खाकरलं. पार्कची रेंजर होती, टोपी घातलेली, तरुण, अतिशय नम्र. सर, सगळं ठीक आहे ना, असं तिने विचारलं. मी पोटावर पडलेला, दुर्बीण डोळ्याला, मिशीला वाळू, खिशातून अर्धी भेंडी डोकावतेय. मी म्हणालो, पक्षी बघतोय. कोणता, असं तिने विचारलं. मला इंग्रजीत एकच आठवला. "क्रो," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं की आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, तिसऱ्या अंकात बाकीच्या पात्रांना कसं वाटत असेल. ताईने गोड बोलून तिला वाटेला लावलं आणि मला जेवायला चल म्हणाली. खाली बाकावर बसून आम्ही दशम्या आणि चटणी खाल्ली. मी घास गिळत होतो, लक्ष टेकडीवर.

परत वर गेलो, तर ओंडक्याखाली डबा नव्हता.

ताईने ओंडक्याखाली पुन्हा हात घालून बघितला. आतापर्यंत तिला आशा होती की डबा वाऱ्याने, बर्फाने, कशानेतरी घसरला असेल. आता चोर खरा होता. "मी त्यांना काय सांगू रे," ती म्हणाली. तो प्रश्न मला नव्हता.

मला मात्र उत्तर माहीत होतं. उत्तराच्या डोक्यावर लाल टोपी होती.

लाल टोपी

ते आम्हाला टेकडीच्या पलीकडच्या उतारावर सापडले. मी वाळूवरून धावत, म्हणजे अर्धा धावत अर्धा घसरत, त्यांच्यासमोर जाऊन थांबलो. दम लागला होता. नाटकात इन्स्पेक्टरला दम लागत नाही. मी म्हणालो, "सर, प्लीज ओपन द बॅग."

ताई मागून म्हणाली, "दिन्या, अरे."

गृहस्थांनी मला नीट न्याहाळलं आणि पिशवी उघडली. आत पाला. नुसता पाला, मुळांसकट उपटलेला, वर बारीक पांढरी फुलं. त्यांनी एक पान चुरगळून माझ्या नाकाखाली धरलं. लसणीचा झणझणीत वास. ते म्हणाले, गार्लिक मस्टर्ड, हे तण इथल्या रानाचं नाही, बाहेरून आलंय, सगळीकडे पसरतंय, म्हणून आम्ही काही जण वसंतात येऊन उपटतो. लसूण आणि मोहरी! ही माणसं फोडणी मुळासकट उपटून पिशवीत भरत होती. एवढा मोठा गुन्हा मी शोधून काढला, आणि तो कायदेशीर निघाला.

त्यांचं नाव हॅरल्ड. कुत्र्याचं नाव मेबल. आम्ही माफी मागत असताना मेबल ताईच्या पाठपिशवीपाशी गेली, नाक लावलं आणि खाली बसली. हॅरल्डनी हाक मारली, ती उठेना. त्यांनी दोरी ओढली, ती आडवी झाली. ताई म्हणाली, आत काही खायचं नाही, दशम्या संपल्या. पिशवी उघडली, तर आत होतं तसल्याच जुन्या डब्याचं जादा झाकण, लागलं तर असावं म्हणून ताईने घेतलेलं. मेबल ते चाटायला लागली.

"पीनट बटर?" हॅरल्डनी विचारलं.

ताई दुखावली. म्हणाली, त्यात पूर्वी चटणी होती, पण केव्हाच घासलंय, डिशवॉशरमधून तीनदा काढलंय, काडीचा वास नाही. ती खरंच बोलत होती. मी झाकण हुंगून बघितलं, मलाही काही वास आला नाही. मग मी हात हुंगला. दशमी-चटणी खाल्लेला माझा हात, ताईचा हात, आमचे कपडे, ताईची गाडी. आम्ही दोघंही चटणीतच राहत होतो. आम्हाला वास येणार कसा?

मी मेबलकडे बघितलं. आजवर माझ्या संशयितांच्या यादीत शिक्क्यांचे शौकीन होते, जोडपी होती, टोप्या होत्या. शेंगदाण्याचा शौकीन एकही नव्हता. हिवाळाभर डबा सुखरूप होता, कारण चोर झोपलेला होता. बर्फ वितळलं आणि तो भुकेला उठला.

"ताई," मी म्हणालो, "चोराला हत्ती नको होता. त्याला चटणी हवी होती."

हॅरल्डनी ते झाकण मेबलला पुन्हा एकदा हुंगायला दिलं आणि दोरी सैल सोडली. ती म्हातारी कुत्री, मघाशी जिला उठवत नव्हतं, ती ओंडक्याला वळसा घालून उतारावरून निघाली. मागे हॅरल्ड, मागे ताई, मागे मी. थोड्या अंतरावर एका पोकळ बुंध्याशी आजचा डबा पडलेला होता, झाकण उघडं, कडा चावलेली. चोराने अर्धी भेंडी चाखून बाजूला टाकली होती. भेंडीला नाकं मुरडणारे सगळ्या जातींत असतात. वाळूत छोट्या हातांसारखे ठसे होते, बोटं वेगवेगळी. हॅरल्ड म्हणाले, रकून, म्हणजे मांजरापेक्षा थोडा मोठा, डोळ्यांवर चोरासारखा काळा पट्टा असलेला प्राणी.

ताई बुंध्यात हात घालायला निघाली. हॅरल्डनी तिला थांबवलं, आत कोणी असेल तर चावेल, आणि काठीने हळूहळू पाला बाहेर ओढला. पान, पान, हाडकाचा तुकडा, पान. मग पहिला डबा, चिंध्या झालेला. मग वहीचा ओला गोळा. मग आणखी पानं. ताई काठीच्या टोकाकडे बघत होती. मी ताईकडे बघत होतो. शेवटी काठीबरोबर एक मळकी गुलाबी वडी घरंगळत तिच्या चपलेपाशी आली.

तिने ती उचलली, पदर नव्हता म्हणून कुर्त्याच्या टोकाने पुसली, आणि उलटी केली. हत्ती होता. पण सोंड मुळापासून गेलेली. कान कुरतडलेले. पाठीवर दातांची रांग.

मी काहीतरी विनोद करणार होतो. केला नाही. ही या प्रवासातली दुसरी नोंद.

परत ट्रॉय

गाडीत मी सुचवलं की नवीन रबर घेऊ, ट्रॉयमध्ये कोणी कोरून देणारा बघू, दाजींना कळणारही नाही. ताईने मान हलवली. मग म्हणाली की तिने खोटे शिक्के पुष्कळ सांगितले, आता हत्तीही खोटा नको.

दाजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, तन्वी शेजारी. ताईने त्यांच्यापुढे शिक्का ठेवला, फुटका डबा ठेवला, आणि बर्फ वितळल्यापासूनचं सगळं सांगितलं. थांबली नाही, रडलीही नाही. मी भिंतीला टेकून उभा. इन्स्पेक्टर तिसऱ्या अंकात जिथे उभा राहतो, तिथेच.

दाजींनी शिक्का उचलला. हात थरथरत होता, म्हणून त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"तू कोयरीचा शिक्का सांगितलास तेव्हापासून. त्याच्या पुढच्या रविवारी तुळशीवृंदावन. शैला, मिशिगनच्या जंगलात तुळशीवृंदावनाचा शिक्का घेऊन कोण फिरतं?"

तन्वी हसली आणि तोंडावर हात ठेवला. मी त्या घरातला सगळ्यांत मुरलेला संशयी माणूस समजत होतो स्वतःला. दर रविवारी इथे एक दुसराच खुर्चीत बसून, अर्धा कप चहा पीत, गुपचूप तपास करत होता. आणि आरोपीला अभयही देत होता.

मग त्यांनी शाईचं पॅड मागितलं. शिक्का पॅडवर ठेवला, सापळ्यातून परत आणलेली माझी कोरी वही पुढे ओढली आणि दाबला. हात हलला, म्हणून ठशाच्या कडेला एक दुसरी फिकट रेघ उमटली. आम्ही सगळे वाकलो. सोंड नसलेलं, बुटक्या कानांचं, गोल पाठीचं काहीतरी वहीत उभं होतं. अस्वलासारखं. किंवा त्या बुंध्यातल्या रकूनच्या थोरल्या भावासारखं.

दाजींनी ते चष्मा वर करून बघितलं, चष्मा खाली करून बघितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "इतकी वर्षं इथे राहून अखेर इथला दिसायला लागला. आता त्याला कोणी विचारणार नाही, मूळचा कुठला म्हणून."

ताईने त्यांच्या हातातून शिक्का घेतला, नाकाशी नेला, आणि पहिल्यांदाच तिला तो वास आला.

"विचारतील," ती म्हणाली. "अजून चटणीचा वास येतोय."